दाराची घंटा काढून टाकली

जठारपेठ, अकोला

प्रिय गजू,
तुला, सीमाला आणि आचलला माझे आशीर्वाद.

शकूताई गेली तेव्हा आई म्हणाली होती, "पोरीचं काळीज हलकं होतं, भेवानं गेली." फटाका वाजला, ताई पडली, आणि आपण कांदा फोडून तिच्या नाकाशी धरत बसलो.

परवा आमच्या शाळेत तासाची घंटा वाजली आणि मीही तशीच पडले. आता बरी आहे, काळजी करू नकोस. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक ठोक्यानंतर माझं हृदय पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतं. तेवढ्यात दचकलं की ठोके भरकटतात. कधी माणूस उठतच नाही. हा दोष रक्ताच्या नात्यात उतरतो.

दचकायला नको म्हणून दाराची घंटा काढली, फोन मुका केला. म्हणून हे पत्र. घर फार शांत झालंय. एकटं राहू नका, असंही डॉक्टर म्हणाले. मी खोटंच सांगितलं, भाऊ असतो सोबत.

कपाशी कशी आहे? सीमाचे गुडघे?

गेल्या पोळ्याला डफडं वाजलं आणि आचल पडली. तू हसलास, "उपाशी राह्यते, अजून काय!" तिला अमरावतीला नेऊन एकदा ईसीजी काढ. सोयरीक जुळत असताना पोरीच्या छातीचा रिपोर्ट कोणी काढत नाही, ठाऊक आहे. "लगन होऊ दे ताई, मंग पाहू," हेच तू म्हणशील. तरी मागते, गजू. लग्नाचा बँड वाजण्याआधी तिला ने.

तुझी,
रंजूताई