कोंडेवाली शेवटच्या खोलीत आहे

३ ऑगस्ट, दुपारी
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी मुलाखत घेतली तर आठवायला बरं. मी ऋतिक, राहणार धसई, गेम डेव्हलपर.

माझा गेम ‘कोंडेवाली’ जवळजवळ तयार. गावातल्या देवराम काकांच्या बंद पडलेल्या भातगिरणीवरून सुचलाय. शेवटच्या खोलीत कोंड्याच्या ढिगातून एक बाई उठते आणि अंगावर येते. त्या खोलीचं काम करताना बाईला तात्पुरतं बंद करून ठेवलंय. सारखी उठते, लक्ष लागत नाय. भीतीचा काय संबंध? तिचे केससुद्धा मीच काढलेत.

बाबांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. दोनशे गिऱ्हाईक दाखव, नायतर मुरबाडच्या एमआयडीसीत सेकंड शिफ्ट. मामाने शब्द टाकून ठेवलाय. मध्यरात्री कंपनीची गाडी फाट्यावर सोडते. तिथून घरापर्यंत चालायचं, मधे स्मशानाची शेड. मला काय नाय, पण एवढ्या चालण्याने गुडघे जातात.

१० ऑगस्ट
क्राउडफंडिंगचा अभ्यास केला. लोक वस्तू बनवायच्या आधी पैसे मागतात. माझी तर बनलीय. तेव्हा मागायचं नाय, फक्त त्यांच्या युक्त्या उचलायच्या आणि सरळ विकायचं. धाकट्या बहिणीला, प्रियांकाला, समजावलं. म्हणाली, म्हणजे भीक मागायची नाय पण भांडं घेऊन बसायचं. बी.कॉम.च्या पोरींना व्हिजन नसतं.

प्लॅन: साधा गेम नव्व्याण्णवला. दुप्पट दिले तर गेममधल्या गिरणीतल्या पोत्यावर तुमचं नाव. दर रविवारी अपडेट. शंभर विकले की नवे आवाज. दोनशे विकले की मी स्वतः, एकटा, अंधारात, हेडफोन लावून, खऱ्या गिरणीत बसून अख्खा गेम लाइव्ह खेळणार.

शेवटचं सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. आनंदाचा.

२२ ऑगस्ट
पोतं जोरात! देवराम काकांनी मोठ्यातलं मोठं मागितलं, कारण देवळाच्या देणगी बोर्डावर त्यांचं नाव चांगो पाटलांच्या खाली आहे. चांगो पाटलांना कळलं. त्यांनी त्याच्या वरचं पोतं घेतलं. आता दोन्ही घरं जावयांच्या नावाने घेतायत, थप्पी छपराला लागली. कॉम्प्युटर दोघांकडेही नाय. याला कम्युनिटी म्हणतात.

२९ ऑगस्ट, सकाळी अकरा
फायनल टेस्टिंग. आवाज बंद, टीव्ही चालू, आई शेजारी भाजी निवडत. आईला मुद्दाम बसवली नाय, ती तिथेच असते. सगळं झकास. शेवटच्या खोलीच्या दाराशी लॅपटॉप मिटला. बॅटरी जपावी लागते. दाराच्या आत काय आहे ते मला माहीतच आहे.

७ सप्टेंबर
शंभरच्या पुढे गेलो. बाबा पहिल्यांदाच नीट बोलले. पण मग कमेंट वाचल्या. गेमबद्दल एक शब्द नाय. सगळे विचारतायत, गिरणीत कधी बसतोयस?

अपडेट टाकला की घाई नको, शांत डोक्याने विचार करून घ्या. प्रियांका म्हणाली, दादा, कुठला दुकानदार असं सांगतो? किंमत वाढवली. लोकांना वाटलं अजून वाढेल, त्याच दिवशी रांग लागली. अरे देवा.

१४ सप्टेंबर
दोनशेला थोडेच कमी. विकला तर गिरणी, नाय विकला तर फाटा. इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही मीच खणल्या असं प्रियांकाचं म्हणणं. झोप नाय. मागच्या दारी जायला आईला दोनदा उठवलं. म्हणाली, उद्या लगीन झाल्यावर बायकोला उठवशील काय रे? तिला सांगितलं, कुत्र्यांचा भरवसा नाय.

१६ सप्टेंबर
दोनशे. शेवटचा गेम बाबांनी घेतला, प्रियांकाच्या फोनवरून. म्हणाले, पोत्यावर नाव नको, पोराचा आकडा पुरा होऊ दे. डोळ्यांत पाणी आलं. थोडं बाबांमुळे.

प्रियांकाने लाइव्हचा दिवस जाहीर करून टाकला, येता रविवार. कॅलेंडर बघितलं. सर्वपित्री अमावास्या! तिला म्हटलं, बाई गं, दुसरा दिवस नव्हता? म्हणाली, सुट्टी आहे, लोक बघतील.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी
अंगात ताप आहे. थर्मामीटर नाय म्हणतो. थर्मामीटर जुना आहे.

खिशात लिंबू, मारुतीचा शेंदूर, दोन बॅटऱ्या. आईचा आग्रह. आग्रह कर असं तिला मी सांगितलं, पण केला तिनेच.

निघतो. काय कमीजास्त झालं तर लॅपटॉप प्रियांकाला.

२२ सप्टेंबर, सकाळी
जिवंत आहे.

गिरणीत एकटाच होतो. बाहेर सगळी आळी खुर्च्या टाकून. चहा देवराम काकांचा, म्हणून बिस्किटं चांगो पाटलांची. दोनदा दारातून बाहेर डोकावलो, चहा सगळ्यांना पुरतोय ना ते बघायला. शेवटच्या खोलीशी आलो. डोळे घट्ट मिटले, दार उघडलं आणि जी बोंब ठोकली, ती म्हणे बाजारपेठेत ऐकू गेली. माणसं काठ्या घेऊन आत धावली.

डोळे उघडले. स्क्रीनवर कोंड्याचा ढीग. नुसता ढीग. त्याला दोन चकरा मारल्या. प्रियांकाने विचारलं, दादा, बाई कुठाय? कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलं, बाई माहेरी गेली. मग लख्ख आठवलं. तात्पुरती बंद केली होती. चालू करायचीच राहिली.

दोनशे जणांत हे एकालाही माहीत नव्हतं. तिथवर कोणी गेलंच नव्हतं. बऱ्याच जणांनी गेम उघडलाच नव्हता, मी घाबरतो कसा ते बघायला घेतला होता.

२८ सप्टेंबर
लोक पैसे परत मागतायत. देतोय. पोतीवाल्यांचं मागणं नाय, आपलं पोतं आधी कोण उतरवणार? बाबांनीही मागितले नाय. त्यांनी फक्त मामाला फोन केला.

बाईला चालू करायचं एका मिनिटाचं काम आहे. पण केली की नीट उठते का ते बघावं लागेल. सवडीने.

७ ऑक्टोबर, सकाळी
काल पहिली शिफ्ट. गाडीने फाट्यावर सोडलं. पौर्णिमा असून आभाळ भरलेलं, काळोख मिट्ट. बघतो तर आई बॅटरी घेऊन उभी. विचारलं, शेडवरून एकटी आलीस, भीती नाय वाटली? म्हणाली, वाटली की रे, पण तू हितंच उभा राहिला असतास सकाळपर्यंत.

बाईमाणूस घाबरलंय, म्हणून घरापर्यंत तिचा हात धरून चाललो.