चौथ्या गाळ्यावरची मागणी

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, काम प्राध्यापकबाईंच्या संशोधनासाठी मंडईत रोज भाव टिपणे, पूर्ण शुद्धीत आणि शुद्धलेखनात हे लिहून ठेवतो. मंडईत मला 'भाव' म्हणतात. कृपया 'भाऊ' वाचू नये; कलम चारमध्ये त्याने फार घोटाळा होईल.

उद्या सकाळी आठ वाजता माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. पण किरकोळीत काय काय होते ते मी तीन वर्षे पाहतो आहे, म्हणून हे मृत्युपत्र. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पोटात उजवीकडे आहे, पण तो कायद्यात धरत नाहीत, असे शेजारच्या खाटेवरचे, पाय मोडलेले, वकिलाचे कारकून म्हणाले.

कलम एक. सायकल दादाला. तो पाहुण्यांना माझ्याबद्दल "बाजारात असतो" एवढेच सांगतो. यापुढे "संशोधनात होता" असे सांगावे, या अटीवर.

कलम दोन. पलंगाखालची लिंबे आईला. "एवढी लिंबं कशाला रे?" असे ती दर मंगळवारी विचारायची, मी "संशोधन" म्हणायचो. तिने त्या लिंबांनी भांडी घासली. आमच्या घरात चमच्यातही तोंड दिसते.

कलम तीन. भावांच्या सहा वह्या प्राध्यापकबाईंना. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातले 'वर्तणुक' मी 'वर्तणूक' केले आहे, रागावू नये. रागावायचे कारण पुढे आहे.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "बघायचं, टिपायचं, घ्यायचं काही नाही. तू घेतलंस की बाजार बदलतो." मला वाटले, माझ्या एकट्याने काय बदलणार? मंगळवारी चौथ्या गाळ्याचे मामा माल आणायला जातात आणि त्यांची भाची एकटी लिंबे विकते. ती म्हणाली, "रोज भाव विचारता, घेत काही नाही. नुसता भाव खाता का?" मी दोन डझन घेतली. पुढच्या मंगळवारीही घेतली. मग मी लांबून दिसलो की ती भाव चढवू लागली, आणि तिचे बघून पाचवा आणि सहावा गाळाही. मी तो भाव प्रामाणिकपणे टिपला.

बाईंनी आवक तपासली, हवामान तपासले. कारण सापडेना, तेव्हा 'मंगळवारची तेजी' असा बत्तीसपानी निबंध लिहिला. शुक्रवारी तो विद्वानांपुढे वाचायचा आहे. बाई, वाचू नका, हसे होईल. ती तेजी म्हणजे मी. खात्री करायची तर आजचा भाव बघा. आज मंगळवार आहे आणि मी खाटेवर आहे.

कलम चार. तक्त्यातल्या 'मागणी' या रकान्यात चौथ्या गाळ्यापुढे मी तीन वर्षे 'आहे, घातलेली नाही' असे लिहीत आलो. बाईंनी एकदा विचारले, "मागणी घालतात कुठे रे?" मी म्हणालो, "चुकलं, बाई." पण खोडले नाही. ती मागणी मी या कलमाने घालत आहे. तिला माझी छत्री, आणि मी वाचलो तर मी.

कलम पाच. मी वाचलो तर कलम एक आणि दोन रद्द, कारण सायकल मला लागते. तीन आणि चार कायम.

साक्षीदार पहिले: वकिलाचे कारकून. सही आहे.

साक्षीदार दुसरी: चौथ्या गाळ्याची भाची. सही खोडलेली आहे.

खाडाखोडीचा खुलासा: मंगळवार असून मी दिसलो नाही, म्हणून ती आपला गाळा पाचव्या गाळेवाल्याच्या भरवशावर टाकून, मंडईत माझी चौकशी करून इथे आली. "मेलात की काय, म्हटलं," म्हणाली. साक्षीदार कमी होता, तिने न वाचताच सही केली. तेवढ्यात कारकून म्हणाले, "ताई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हं." मग तिने सगळे वाचले. कलम चार दोनदा. मी विचारले, "काही चुकलंय का?"

"तीन वर्षं," ती म्हणाली. "अहो, मला वाटलं तुमच्या घरात कोणाला लिंबांचं वेड आहे."

माझे पेन घेतले, स्वतःच्या सहीवर सरळ रेघ ओढली, आणि म्हणाली, "दुसरा साक्षीदार बघा."

साक्षीदार दुसऱ्या, नव्या: वॉर्डातल्या सिस्टर. सही आहे.

ठिकाण: पुरुष विभाग, खाट नऊ. वार मंगळवार, दुपारचे चार. लिंबांचा भाव (तिच्या सांगण्यावरून): उतरलेला. मागणी: घातलेली.