नऊशे बारा मायक्रॉन

२ जून
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलं की ही क्रांती घडली कशी, तर निदान मला तरी आठवायला हवं.
आमचा कारखाना कोंबड्यांच्या खाद्याचा. मक्याचा भरडा किती जाड निघाला, हे इथे अजून चाळण्यांनी मोजतात. एकावर एक चाळण्या रचायच्या, हलवायच्या, प्रत्येकीत काय उरलं त्याचं वजन करायचं. हे काम चाळणीबाईंचं. शिक्षण माझ्याइतकंच, तोंड माझ्या दुप्पट. साहेब निवृत्त होताहेत. प्रयोगशाळेचा प्रमुख आम्हा दोघांपैकीच एक होणार. मी कॅमेरा मागवला आहे. काचेवर भरडा पसरायचा, फोटो काढायचा, कॉम्प्युटर कण मोजतो. चाळण्या भंगारात.

४ जून, दुपार
किरकोळ अडचण. दोन कण एकमेकांना टेकले की कॉम्प्युटर त्यांना एकच धरतो. सकाळच्या रिपोर्टप्रमाणे आमच्या भरड्याचा कण लिंबाएवढा. बाई फिदीफिदी हसल्या. दुर्लक्ष केलं.

४ जून, संध्याकाळ
सापडलं! काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पारदर्शक टेप. वर भरडा भुरभुरायचा, काच उलटी करून झटकायची. चिकटलेले कण सुटे सुटे राहतात, बाकीचे गळून पडतात. सरासरी ९१२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरला थोडंसं कमी. बाईंच्या चाळण्यांचंही उत्तर जवळपास तेच. बाई गप्प! लिहून ठेवतो, पुन्हा असं होईल न होईल.

९ जून
सकाळचा नमुना ९१२. दुपारचा ९१२. रात्रपाळीचाही ९१२. बाईंचे आकडे मात्र रोज वरखाली. साहेबांपुढे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी विचारलं, टेप कधी बदलता? म्हटलं, पहिलीच अजून टिकली आहे. याला काटकसर म्हणतात.

१२ जून
चाळण्या बंद! बाईंना गोदामात पोत्यांवर शिक्के मारायला धाडलं. बायकोला म्हटलं, आता प्रमुखाची बायको म्हणून जरा रुबाबात वाग. ती म्हणाली, प्रमुखांनी आधी मोरीचा नळ बघावा, आठवडाभर गळतोय.
तिच्या धाकट्या भावाने नोकरी सोडून कोंबड्या पाळल्या आहेत. इतके दिवस खाद्य दुसरीकडून घ्यायचा. त्याला पटवलं. माझ्या शब्दावर पहिला ट्रक गेला.

१७ जून
मेहुण्याचा फोन. म्हणे, भावोजी, कोंबड्या मोठे तुकडे वेचून खातात आणि पीठ तसंच टाकतात. अंडी कमी झाली. माल एकसारखा नाही म्हणे. लगेच रिपोर्ट पाठवला. ९१२. दोष मालात नाही, कोंबड्यांत आहे. लाडावून ठेवल्यात.

२० जून
गिरणीवाला म्हणाला, आवाज बदललाय, भरडा गाळणारी आतली जाळी फाटली असेल, उघडून बघू का. ९१२ असताना गिरणी थांबवायची? रिपोर्ट त्याच्या नाकासमोर धरला. मान हलवत गेला. लोकांना विज्ञान पचत नाही.

२२ जून, रविवार
मेहुणा आला. जेवला नाही. हॉटेलवाल्याने त्याची अंडी बंद केली. बहिणीला म्हणत होता, असंच चाललं तर कोंबड्या विकून पुन्हा नोकरी शोधावी लागेल. दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते, मी गेलो की गप्प. निश्चय: भावनेच्या आहारी जायचं नाही. डेटा पुढे करायचा.
नळ अजून गळतोय. उद्या नक्की.

२५ जून
आज मालकांसमोर डेमो. नवा शर्ट. चाळणीबाईंनाही मुद्दाम बोलावलं, त्यांनाही शिकायला मिळावं म्हणून. सुरुवात झकास. ९१२. मालक खूश.
मग बाई म्हणाल्या, मी एक नमुना टाकू? टाका म्हटलं. त्यांनी पर्समधून मूठभर अख्खा मका काढला. न भरडलेला. काच झटकली. ९१२.
मी म्हटलं, यंत्राने दाण्याची सुप्त क्षमता ओळखली.
बाईंनी साखर टाकली. ९१२. मग त्यांनी काहीच टाकलं नाही आणि काच नुसतीच झटकली. ९१२.
मालकांनी जवळ येऊन नखाने टेप उचकटली. पहिल्या दिवशीचा भरडा तिच्यावर जसाच्या तसा बसला होता. मधल्या फटी पिठाने भरल्या होत्या, नवं काही चिकटायला जागाच नव्हती. मालकांनी टेप माझ्या हातात दिली आणि गिरणी उघडायला सांगितली. जाळीला भोक होतं, माझी मूठ आत जाईल एवढं.

२७ जून
प्रमुख: चाळणीबाई. मी शिक्क्यांवर. तात्पुरतं असावं. टेपची कंपनी बदलली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, रविवारी माझ्या भावाकडे जायचं, आणि जुने कपडे घालायचे.

२९ जून, रविवार
दिवसभर मेहुण्याच्या शेडमध्ये बसून आमच्याच कारखान्याची पोती हाताने चाळली. पीठ वेगळं, तुकडे वेगळे. नाकातोंडात धूळ. टेपच्या कंपनीबद्दल सांगायचं ठरवलं होतं, पण तो एकामागून एक पोती माझ्यापुढे ओतत राहिला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी त्याने मूठभर भरडा माझ्यासमोर धरला आणि विचारलं, भावोजी, हा ठीक आहे का?
बोटांनी चोळून पाहिला. मला खरंच कळेना.
म्हटलं, कोंबड्यांना विचार.