मैत्रेयची जागा

रोटोटुना, हॅमिल्टन
११ सप्टेंबर २००६

चि. संभाजीस अक्काचा जयभीम. वि. वि.

तुला कुणी विचारलं होतं रे? पोरगं माझं, हाडं त्याची, आणि मॅच संपल्यावर कोचच्या हातात हात देऊन 'मैत्रेय पुढच्या वर्षीही इथेच' असं सांगून तू मोकळा! सोयरीक जुळवायला बसला होतास काय?

सहा वर्षं बघतेय. रग्बीच्या संघात घेतला दहा नंबरच्या जागेला. विंगवाल्याचा पाय मोडला, हा विंगवर. सेंटरचा खांदा निखळला, हा सेंटरला. ते बरे झाले की हा परत बाकावर, बावीस नंबर घालून. युटिलिटी बॅक म्हणे. मागच्या फळीत जी जागा रिकामी पडेल तिथे पळायचं. आता जपानचा क्लब म्हणतोय, फुलबॅकची, सगळ्यांच्या मागची, जागा तुझी, दोन वर्षं. आणि हा मला इंग्रजीत सांगतो, मामाने शब्द दिलाय, कसा जाऊ?

शब्द परत घे. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहिलं. तुझ्या बायकोला, मृदुलाला, जयभीम सांग. रागावलेय, तरी माया आहेच.

तुझी अक्का,
कलावती

हिल्सबरो, ऑकलंड
१४ सप्टेंबर २००६

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मृदुलाने मोठ्याने वाचलं आणि पोटभर हसली, मला. अक्का, कोचने विचारलं, मी घरातला मोठा माणूस उभा. 'पोराला विचारून सांगतो' म्हणू? आपल्यात असं कोण म्हणतं?

मागच्या फळीतली कुठलीही जागा जमणारा संघात तो एकटाच. त्यात कमीपणा कसला? आणि खरं सांगू, शनिवारी फार्मसी बंद करून मी हॅमिल्टनला येतो तो त्याच्या नावाने ओरडायला. तो गेल्यावर कुणासाठी येऊ? आणि तू एकटी राहशील?

रागाबरोबर लोभही असू दे.

तुझा
संभाजी

रोटोटुना
१८ सप्टेंबर २००६

चि. संभाजीस जयभीम. वि. वि.

मी राहीन एकटी. माझं मी बघेन. तू मला भेटायला ये, मॅच नसली तरी रस्ता तोच आहे.

परवाच्या मॅचला तू नव्हतास. आपल्याच संघाचा फुलबॅक पडला, उठेना. डॉक्टर मैदानात पोचायच्या आधीच बाकावरच्या मैत्रेयने त्याच्या जागी जायला अंगातला ट्रॅकसूट काढला. आणि इकडे मी उभी राहिले. मला बरं वाटलं रे. कुणाचं तरी पोर खाली पडलेलं, त्याची आई माझ्यापुढच्याच रांगेत, आणि मला बरं वाटलं. असलं बरं वाटणं मला नको. पोरालाही नको.

जपानला शनिवारी कळवायचंय. तुझा शब्द मोडून तो कोचकडे जाणार नाही, मी सांगूनही ऐकत नाही. तू दिलास, तूच जाऊन परत घे. सगळ्यांना माझे आशीर्वाद, तुला मात्र कोचला भेटल्यावर. शुक्रवारच्या, २२ तारखेच्या आत मला कळव. कोचकडे जाणार की नाही, तेवढंच लिही.

कलावती