टाकीचा वारस

मी, यज्ञेश्वर विनायक गायधनी, वय शहात्तर, निवृत्त फिटर, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र कोणी सांगितलं म्हणून नव्हे, आपखुशीने लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जगण्याची हौस संपली आहे, त्याला दाखला लागत नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा तनय व सून तेजश्री यांना निम्मी-निम्मी.

२. अंबडच्या कारखान्यात हाताळलेले माझे पाने ज्याला लागतील त्याने न्यावेत. भंगारात घालू नयेत.

३. माझा चुलतभाऊ भिक्षुकी करतो. ‘यज्ञेश्वर देवाच्या हारांवर भात शिजवतो’ असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्याला माझ्या दहाव्याला बोलावू नये.

४. परसातली गोबरगॅसची टाकी मी स्वतः बांधली. सुरुवातीला शेण घातलं, पुढे बाजारातली सडकी भाजी आणि देवळातलं निर्माल्य. बंद टाकीत ते कुजतं, त्याचा गॅस होतो. माझी बायको गोदावरी हिने सव्वीस वर्षं त्या गॅसवर स्वयंपाक केला. टाकीला माणसासारखं जेवू घालावं, थोडं आणि रोज, असं मी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे.

गोदावरी गेली तेव्हा सुतकात आमची चूल पेटली नाही. शेजारून डबे येत होते. जन्मभर सोवळ्याओवळ्याला हसलेला मी, त्या तेरा दिवसांत टाकीकडे फिरकलो नाही. भाजीवाली सुलाबाई मात्र रोजच्यासारखी सडक्या भाजीची पाटी दारात ठेवून जात होती. तेराव्याच्या संध्याकाळी मला टाकीची आठवण झाली. उपाशी ठेवलं म्हणून जीव कळवळला, आणि साठलेल्या सगळ्या पाट्या, पंगतीतला उरलेला भात, बासुंदी, लिंबाच्या फोडी असं सगळं मी एकदम आत लोटलं. टाकी आंबली. आठवड्याने गॅस पेटेना. चुना घातला, ताजं शेण घातलं. दोन वर्षं झाली, आता सकाळी एका कपापुरती ज्योत लागते. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

तनयला टाकी देऊ केली. तो म्हणाला, “बाबा, आता पाइपचा गॅस आलाय. कचरा कालवत कोण बसणार?” त्याला तिथे गाडी लावायची आहे. त्याचं चुकत नाही, म्हणूनच जास्त लागतं.

५. सदर टाकी सुलाबाई केरू जाधव हिला द्यावी, असं मी लिहिलं होतं. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काका, एका खोलीत आमी सहा जण ऱ्हातो. टाकी कुठं ठेवू? तुमी हाय तवर पाटी आणीन. म्होरलं मला नका इचारू.” सबब हे कलम रद्द.

६. टाकीला वारस नाही. माझ्यामागे ती बुजवावी. त्याआधी टाकीवरच्या गॅस साठणाऱ्या ड्रममध्ये असेल तेवढा गॅस शेगडीवर जाळून टाकावा आणि त्यावर एक कप चहा ठेवावा. मधेच ज्योत गेली तर तो चहा पाइपच्या गॅसवर नेऊ नये. जसा होईल तसा प्यावा.

सुलाबाईचं या पत्रात आता काही घेणं उरलं नाही. त्यामुळे तिला साक्षीदार होता येईल, असं वकील म्हणाले.

ठिकाण : पंचवटी, नाशिक
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

(सही) यज्ञेश्वर विनायक गायधनी

साक्षीदार :
१. (सही) दीपक सावळीराम बोराडे, शेजारी
२. (डाव्या हाताचा अंगठा) सुलाबाई केरू जाधव. आजची पाटी दारात ठेवून मग अंगठा दिला.