कारखाना, घर आणि पंपाचा खुलासा

मी, खाली सही करणारा, वय बाहत्तर, धंदा बोटींची आउटबोर्ड इंजिने दुरुस्त करणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतात, म्हणून अक्षराला हसू नये. हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायला घरात कोणी उरलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची पडवी, तसेच बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक लेकीला. एकोणीस वर्षांत तिने या घरात पाऊल टाकलेले नाही. तरीही तिलाच.

२. कारखान्यातली सर्व हत्यारे समोरच्या पंक्चरवाल्याला. तो हत्यार पुसून जागेवर ठेवतो, एवढे पुरे. त्याला सूचना: जुन्या इंजिनाला थंड ठेवून मागच्या भोकातून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, की नुसती भोकात तार घालून मोकळे होऊ नये. खालचा भाग उतरवून पंप उघडावा, पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चक्राची, म्हणजे इम्पेलरची, पाती मोजावी. कमी भरली तर तुकडे वरच्या नळीत अडकलेले असतात. ते काढल्याशिवाय नवा इम्पेलर घातला तरी इंजिन तापणारच.

३. माझ्या धाकट्या भावाला काहीही नाही. कारण असे. त्याच्या बोटीची धार मंदावली होती. मी म्हणालो, "दोन दिवस बोट ठेव. पंप उघडावा लागेल."

"दादा, साध्या गोष्टीचा मोठा घोळ घालायची तुझी सवय काही जात नाही," असे म्हणून त्याने भोकात तार फिरवली. शब्दाने शब्द वाढला आणि आमचे बोलणे बंद झाले. आठव्या दिवशी माझी बायको त्याच्याच बोटीने पलीकडे बहिणीकडे निघाली. खाडीच्या तोंडाशी इंजिन तापून जाम झाले, बोट खडकावर गेली. तो पोहून आला. ती आली नाही.

त्याने माझ्या लेकीला सांगितले, "पंप तुझ्या बाबांनीच बसवला होता." तिने खरे मानले. गिऱ्हाइकेही तुटली. बोट वर काढल्यावर मी इंजिन उघडले. सहापैकी तीन पाती गायब, तुकडे नळीत. पंप कोणी उघडलाच नव्हता, हे त्यावरून उघड होते; त्याला खोटे पाडायला तेवढे पुरे होते. मी नट पुन्हा आवळले आणि गप्प बसलो. मोठ्या भावाने पोटात घातले, असे लोक म्हणाले. मी म्हणू दिले.

४. हे कलम लेकीने एकटीने वाचावे. पोरी, त्या सकाळी मी धक्क्यावर होतो. बोट सुटताना धार पाहिली; सुतासारखी होती. भावाशी बोलायचे नाही म्हणून मी तोंड उघडले नाही. तुझ्या आईने माझ्याकडे वळून पाहिले. हा इंजिनाकडे बघतोय आणि काही बोलत नाही, म्हणजे सगळे ठीक असणार, असे तिला वाटले असेल.

पंपाचे सांगितले असते तर तू विचारले असतेस, "बाबा, तुम्ही तेव्हा कुठे होतात?" म्हणून गप्प राहिलो. काकाला मी माफ केलेले नाही. तू कोणालाच करू नकोस. घर नको म्हणालीस, तर तुला समजवायला कोणी येऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, साक्षीदारांसमोर सही केली. चौथे कलम त्यांना वाचू दिलेले नाही.

सही: (लिहून देणार)
साक्षीदार: १. शेजारचे सुतार २. निवृत्त पोस्टमन
ठिकाण: कारखाना
दिनांक: ९ फेब्रुवारी