ताऱ्याच्या पोटातलं लोखंड

शुक्रवार, जेवणं झाल्यावर

उद्या वर्गात ताऱ्यांचा मृत्यू शिकवायचाय, म्हणून संध्याकाळी गच्चीत मोठ्यानं वाचत होते. सासरे शेजारीच बसलेले.

"तारे बी मरतात व्हय?"

हो म्हटलं. मोठा तारा फुटला की त्याच्या पोटात तयार झालेलं लोखंड आभाळभर विखुरतं. आपल्या रक्तातलं, भांड्यातलं लोखंड तिथलंच.

ते उठून जिन्याकडे वळले. सांगायला नको होतं का? सासूबाईंना जाऊन वर्षही झालं नाही.

मग खाली जाऊन त्यांनी सासूबाईंचा खुलताबादहून आणलेला लोखंडी तवा काढला. त्या गेल्यापासून कुणाला हात लावू देत नव्हते.

"भाकर ह्याच्यावर टाक. नुसता ठिवून काय करायचं?"

पहिली करपली.

"तिचीबी पहिली करपायची," म्हणाले, आणि तीच मागून घेतली.